मोरपंखी रंग आणि दोन फोन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय कवीच्या तोंडी शोभणारा नाही, असं आमच्या एका मित्राचं म्हणणं पडलं. कवीनं चंद्रावर बोलावं, पावसावर बोलावं. मी बोलणार आहे मोबाइल फोनवर, आणि तोही साधासुधा नव्हे, सव्वा-दीड लाखाचा. बाजारात ज्याला 'फ्लॅगशिप' म्हणतात तो. फ्लॅगशिप म्हणजे ताफ्यातलं निशाण लावलेलं जहाज, सरदाराचं गलबत. प्रत्येक कंपनीचं असं एक गलबत असतं. त्यातली दोन आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. एक अ‍ॅपलचा आयफोन, दुसरा सॅमसंगचा गॅलेक्सी. चंद्र मात्र पुढे येणारच आहे, तेव्हा मित्रानं काळजी करू नये.

या दोघांचं भांडण जुनं. आयफोन पहिल्यांदा विक्रीला आला २००७ मध्ये, गॅलेक्सी एस आला २०१०मध्ये. एप्रिल २०११मध्ये अ‍ॅपलनं कोर्टात दावा लावला की सॅमसंगनं आमची नक्कल केली. २०१२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीनं सॅमसंगला शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. मग अपील, पुन्हा सुनावणी, आणि शेवटी २०१८मध्ये आपसांत तडजोड. सात वर्षं. आपल्याकडच्या बांधाच्या दाव्यांच्या मानानं हे लवकरच मिटलं म्हणायचं. गंमत पुढेच आहे. दावा चालू असतानाच, २०१७मध्ये, अ‍ॅपलनं 'आयफोन टेन' काढला आणि त्याचा झगमगीत ओएलईडी पडदा बनवून दिला सॅमसंगच्याच कारखान्यानं. म्हणजे कोर्टात तोंड फिरवायचं आणि मागच्या दारानं मालाची ने-आण करायची. भाऊबंदकी याहून वेगळी काय असते?

आणखी एक. २०२०मध्ये अ‍ॅपलनं डब्यात चार्जर द्यायचं बंद केलं तेव्हा सॅमसंगनं जाहीर थट्टा केली. तीन महिन्यांत, २०२१च्या जानेवारीत, त्यांच्याही नव्या फोनच्या डब्यातून चार्जर गायब झाला. हेडफोनच्या भोकाचंही तेच. तेव्हा 'हा त्याच्यापेक्षा सज्जन' असं समजून कुणी फोन निवडू नये. दोघंही व्यापारी आहेत आणि चोख व्यापारी आहेत.

मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. सोलापूरला माझी भाची असते. ब्लाउज, शरारे, लहान मुलींचे घागरे शिवते. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत गिऱ्हाईक घरी यायचं, माप देऊन जायचं. आता निम्मं काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. तयार कपड्याचा फोटो पाठवायचा, पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून मागणी यायची, आणि पार्सल करायचं. तिचा जुना फोन अँड्रॉइडचा, चार-पाच वर्षांचा, पडद्याला तडा गेलेला. २०२५च्या सुरुवातीला तिनं मला विचारलं, "मामू, तुम्ही शिकलेले आहात. दोन्हींतला कुठला घेऊ ते सांगा." बी.ए.ला मला मराठी वाङ्मय होतं, मोबाइल नव्हता. पण भाचीनं विचारल्यावर मामानं नाही म्हणायचं नसतं.

समोर दोन फोन होते. सप्टेंबर २०२४मध्ये आलेला आयफोन १६ प्रो मॅक्स, किंमत १,४४,९०० रुपये. आणि जानेवारी २०२५मध्ये आलेला गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा, किंमत १,२९,९९९ रुपये. दोन्हींत २५६ जीबी जागा. दोन्हींचा पडदा ६.९ इंचाचा. दोन्हींची चौकट टायटॅनियमची. एकाचं वजन २२७ ग्रॅम, दुसऱ्याचं २१८. हातात घेतले तर डोळे मिटून ओळखता येणार नाहीत, इतके जवळचे. आता यात निवडायचं काय?

तुम्ही म्हणाल, कॅमेरा. सॅमसंगच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत २०० मेगापिक्सेल असतं, अ‍ॅपलच्या जाहिरातीत ४८. चौपटीहून जास्त. पण हा आकडा म्हणजे शेतात वाफे किती पाडले त्याचा आकडा आहे. शेत किती मोठं ते त्यातून कळत नाही. प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, ज्याला सेन्सर म्हणतात, तो दोन्ही फोनांत जवळजवळ सारख्याच आकाराचा आहे. एकानं त्यात बारीक वाफे जास्त पाडले, दुसऱ्यानं मोठे कमी. बारीक वाफ्यात प्रकाश कमी मावतो, म्हणून सॅमसंगचा फोन नेहमीच्या फोटोत सोळा-सोळा वाफे एकत्र करतो आणि २०० मेगापिक्सेलचा फोटो शेवटी बाराचा होऊन बाहेर पडतो. आयफोन ४८चा चोवीस करून देतो. आणि मग आपण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, जे त्याला आणखी आवळून पाठवतं. २०२३पासून तिथं 'एचडी'ची सोय आहे, पण ती आठवणीनं निवडावी लागते. तेव्हा पुण्यातली बाई जो ब्लाउज बघते तो २०० मेगापिक्सेलचाही नसतो आणि ४८चाही नसतो.

भाचीचं दुखणं वेगळंच होतं. ते रंगाचं होतं. तिनं मोरपंखी रंगाचा एक शरारा पाठवला. गिऱ्हाइकानं डबा उघडला आणि म्हणाली, हा तर हिरवा आहे. फोटोत निळा होता. परत पाठवला. येण्या-जाण्याचा खर्च भाचीच्या माथी. असं एका मोसमात चार-पाचदा झालं, की शिलाईतला नफा गेलाच म्हणून समजा.

श्रोतेहो, आपल्या भाषेत रंगांची जी नावं आहेत ती कॅमेऱ्याला माहीत नाहीत. मोरपंखी, डाळिंबी, वांगी, राणी, चिंतामणी, शेवाळी, आमसुली. यातला मोरपंखी सगळ्यांत अवघड. त्यात निळा आहे, हिरवा आहे आणि कापड हललं की एकाचा दुसरा होतो. आडवा धागा एका रंगाचा आणि उभा दुसऱ्या रंगाचा असेल, ज्याला आपण धूपछाँव म्हणतो, तर माणसाचेही डोळे फसतात. कॅमेरा बिचारा काय करणार? त्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीनच रंग मोजता येतात. बाकीचा हिशोब तो मनानं करतो. खोलीत पिवळा दिवा आहे की पांढरी ट्यूब, याचा तो अंदाज बांधतो आणि त्या अंदाजानं सगळा फोटो थोडा निळा किंवा थोडा पिवळा करतो. अंदाज चुकला की मोरपंखी गेला.

दोन्ही फोन घेतलेल्या दोन ओळखीच्या माणसांकडे आम्ही तोच शरारा घेऊन गेलो. एकदा खोलीत, एकदा दारातल्या सावलीत. खोलीतले दोन्ही फोटो खोटे निघाले, एक या बाजूला, एक त्या बाजूला. सावलीतले दोन्ही बरेचसे खरे. म्हणजे दीड लाखाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर फुकटात मिळालं: सकाळी दहाच्या सुमारास, दाराशी, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात कपडा टांगायचा आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवायचा. कागद फोटोत पांढरा दिसला तर कपडाही खरा दिसतो. हे जुन्या फोनवरही चालतं.

पण एक फरक मात्र दिसला. सॅमसंगच्या पडद्यावर सगळेच रंग जरा नटून-थटून येतात. त्याच्या सेटिंगमध्ये पडद्याचे दोन प्रकार आहेत, एक भडक आणि एक नैसर्गिक. भडक ठेवला की फोटो काढणाऱ्यालाच कळत नाही की कपडा खरा कसा आहे. नैसर्गिक केलं की दोन्ही पडदे जवळ येतात. दुकानातला विक्रेता ही गोष्ट सांगत नाही, कारण दुकानात भडकच खपतं.

आता चंद्र. २०२३च्या मार्चमध्ये, सॅमसंगचा एस२३ अल्ट्रा नवा असताना, एका माणसानं एक खोडी काढली. चंद्राचा एक फोटो घेतला, तो संगणकावर मुद्दाम इतका धूसर केला की त्यातले डाग पार पुसले गेले, आणि अंधाऱ्या खोलीत लांब उभं राहून संगणकाच्या पडद्यावरच्या त्या धूसर गोळ्याचा या फोननं फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे खड्डे स्वच्छ दिसले! जे समोर नव्हतंच ते फोननं घातलं. कंपनीनं खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि त्याचा तपशील उठावदार करतो. नको असेल तर ही सोय बंद करता येते. मला हे वाचून आमच्या मोहल्ल्यातली रमजानच्या आदल्या संध्याकाळची गर्दी आठवली. गच्चीवर माणसं पश्चिमेकडे डोळे लावून बसतात, आणि 'मला दिसला' म्हणणाऱ्याला वडीलधारी माणसं उलटतपासणी केल्याशिवाय सोडत नाहीत. कुठे दिसला, कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती, सोबत आणखी कोण होतं? फोनला असं कुणी विचारत नाही.

हे एकट्या सॅमसंगचं पाप नाही. आजचा कुठलाच महाग फोन एक फोटो काढत नाही. बटण दाबताच तो भराभर अनेक फोटो घेतो, त्यांतला उजेड इथून, सावली तिथून असं शिवतो आणि एक तयार चित्र देतो. आयफोनही हेच करतो, फक्त शिलाई जरा झाकलेली असते. भाचीला हे लगेच पटलं. "म्हणजे मामू, फोनपण शिवणकामच करतो की!" ती म्हणाली. शिंप्याला शिवण दिसते, बाकीच्यांना नुसता कपडा दिसतो.

बॅटरीचं फार सांगत नाही. दोन्ही दिवसभर पुरतात. सॅमसंगचा नोट ७ पेट घेत होता म्हणून २०१६मध्ये कंपनीला तो बंदच करावा लागला. आणि जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम संथ करतो, हे अ‍ॅपलनं २०१७मध्ये कबूल केलं. दोघंही त्यातून शिकले. आयुष्याचं म्हणाल तर एस२५ला सॅमसंगनं सात वर्षं नवी प्रणाली देण्याचा शब्द दिला आहे. अ‍ॅपल असा आकडा मिरवत नाही, पण २०१८चा आयफोन एक्सएस २०२५पर्यंत नवी प्रणाली घेत होता, म्हणजे तिथंही सात वर्षं झालीच. जुना विकताना मात्र आयफोनला भाव चांगला येतो, हे खरं आहे. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्यानं तो हिशोब जरूर करावा. भाची फोन विकणारी नव्हे, झिजवणारी.

लिहिण्याचं माझ्या जिव्हाळ्याचं, म्हणून थोडं सांगतो. दोन्हींवर मराठी कळफलक आहे. पण दुकानात गेलात तर दोन शब्द टाइप करून बघा: 'दऱ्या' आणि 'दर्या'. एकात डोंगर आहे, दुसऱ्यात समुद्र. हा अर्धा र सहज उमटला तर तो कळफलक मराठी माणसाचा. आणि घरात कुणी उर्दू वाचणारं असेल, जशा भाचीच्या सासूबाई, तर उर्दूचा एखादा मजकूर उघडून बघा. उर्दू वाचणाऱ्याला नस्तालीक वळणाची सवय असते. ओळ उजवीकडून उतरत येते. अरबी छापाचं नस्ख वळण त्याला वाचता येतं, पण घास अडकल्यासारखं होतं. आयफोननं २०१७मध्ये नस्तालीक आणलं, आणि त्यासाठी उर्दूवाल्यांना बराच आवाज उठवावा लागला होता. या एका बाबतीत सासूबाईंचं मत आयफोनला पडलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी मोठी जाहिरात दोन्ही कंपन्या त्या हंगामात करत होत्या, तिच्यात मराठी कुणाचीच नव्हती.

आता पैशाचं. दुकानदार म्हणाला, "नो कॉस्ट ईएमआय आहे, बारा हप्ते, व्याज नाही." भाचीच्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "यात सूद आहे का?" आमच्या घरांत हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि तो थट्टेचा नाही. मी कागद मागवला. त्यात स्पष्ट होतं: बँक व्याज लावते, तेवढीच सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते, म्हणून बेरीज सारखी येते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व बँकेचं शुल्क गिऱ्हाईक भरतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनंही २०१३मध्ये बँकांना बजावलं होतं. मी सासऱ्यांना कागदावर जे होतं ते वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि ते नमाजला गेले. भाचीला उत्तर कळलं.

तिची भिशी होती. बारा बायका, महिना दहा हजार. एक लाख वीस हजारांचा तिचा नंबर फेब्रुवारीत लागणार होता. भिशीत व्याज नाही, बँक नाही, कागद नाही. नंबर लागल्यावर हप्ते बुडवायचे नाहीत एवढा एकच कायदा. सॅमसंगला वर दहा हजार घालावे लागत होते, आयफोनला पंचवीस. पंधरा हजारांत पिकोचं मशीन येतं, हे तिनं मला ऐकवलं.

मग तिची मुलगी मध्ये पडली. ती पुण्यात कॉलेजला. "नाना, आमच्याकडे सगळ्यांकडे आयफोन आहे. अम्मीनं घेतला तर मला वापरायला मिळेल." मला या पोरीची कीव आली, खोटं कशाला सांगू. वसतिगृहात मागच्या तीन भिंगांवरून माणसाची किंमत ठरते, हे आम्ही हसण्यावारी नेतो, पण त्या वयात ते हसण्यासारखं नसतं. आमच्या वेळी मनगटावरचं घड्याळ होतं. भाचीनं मात्र पटकन विचारलं, "तुझ्या कॉलेजातल्या सगळ्यांची आई ब्लाउज शिवते का?" पोरगी गप्प झाली. मला ते उत्तर बरोबर वाटलं आणि जरा कडकही वाटलं.

अजून एक गोष्ट होती, ती कुणी बोलत नव्हतं. जुन्या फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भाचीच्या आईचा, म्हणजे माझ्या आपाचा आवाज होता. आपाला टाइप करता येत नसे. सगळं बोलून पाठवायची. मीठ किती घालायचं, बाळाला खोकला असेल तर काय द्यायचं, फोन का केला नाहीस. आपा गेली, हे संदेश राहिले. तडा गेलेला तो फोन भाची बदलत नव्हती त्याचं खरं कारण हेच होतं.

ज्यांच्या फोनात असं काही असेल त्यांनी नीट ऐका. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना, म्हणजे इथं सॅमसंगवर, गुगलच्या खात्यातली व्हॉट्सअ‍ॅपची प्रत नव्या फोनवर उतरवता येते. आयफोनवर ती प्रत उतरत नाही. तिथं 'मूव्ह टू आयओएस' नावाची वेगळी वाट आहे, २०२२पासून. पण ती आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच चालते. आधी फोन सुरू करून बसलात तर सगळा पुसून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. दुकानातला मुलगा घाईनं 'सगळं आलं, ताई' म्हणतो, तेव्हा एक-दोन जुने आवाज उघडून ऐकल्याशिवाय जुना फोन हातातून सोडू नका. आणि फोन कुठलाही घ्या, आवाजाच्या फायली केबल लावून संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर आधी उतरवून ठेवा. अमेरिकेतला कुणी नातेवाईक आयफोन आणतो म्हणत असेल तर आणखी एक: तिकडच्या फोनला आयफोन १४पासून सिमकार्डाची खाचच नसते.

भाचीनं शेवटी सॅमसंग घेतला. पैशापेक्षा, आवाजांपेक्षा, तिला पटली ती त्याची लेखणी. फोनच्या पोटात एक बारीक पेन असतं. पूर्वी त्यात ब्लूटूथ होतं, लांबून फोटो काढता यायचा. एस२५मध्ये कंपनीनं ते काढून टाकलं म्हणून बरेच लोक रागावले होते. भाचीला त्याचं काहीच नव्हतं. ती पडदा बंद असतानाच पेन उपसते, काळ्या पाटीवर गळ्याचा आकार काढते, पान गळा, मटका गळा, पाठीवरची नाडी, आणि तिथंच माप लिहिते. गिऱ्हाईक व्हिडिओवर असतं, ती काढून दाखवते: असा की असा? माझ्या मते तिच्या धंद्याला हाच फोन योग्य होता. ती लग्नाचं चित्रीकरण करणारी असती तर मी तिला आयफोनच घ्यायला सांगितलं असतं, व्हिडिओत तो अजून पुढे आहे. आणि नुसतं बोलायला, बातम्या बघायला आणि नातवंडांचे फोटो काढायला हवा असेल, तर हे दोन्ही फोन दुकानातच राहू द्यावेत. वीस-पंचवीस हजारांत काम भागतं.

प्रती उतरायला त्या दिवशी दुपार गेली. चार वर्षांचे आवाज आले. भाचीनं एकच ऐकला, तोही अर्धा, आणि कामाला लागली. रमजान ईद ३१ मार्चला होती आणि सतरा शरारे बाकी होते. मोरपंखी कपड्याला आता ती फोटोखाली लिहिते: 'उजेडात हिरवा, सावलीत निळा दिसतो.' त्या ओळीनंतर तो रंग परत आलेला नाही.